मदत हवी आहे: रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये पोलाद गाळून पैसे सुटतात काय?

मंडळी, मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. दिवसा खरी भट्टी, रात्री ओल्ड स्कूल रूनस्केपमधली!

साध्या भट्टीत पोलादाच्या एका कांबीला एक लोखंडाचं खनिज आणि दोन कोळसे लागतात. गेममधल्याच केल्डाग्रिम शहरातल्या ब्लास्ट फर्नेसवर कोळसा निम्माच. पण तिथं तासाला ७२,००० नाणी मोजायची, वर विकताना ग्रँड एक्स्चेंज, म्हणजे गेममधला बाजार, २ टक्के कापून घेतं. स्वतः खणलेलं खनिज फुकट धरायचं, हे काय मला पटत नाही. तसंच विकलं असतं तरी पैसे आलेच असते की.

मग कांबी विकू, की एकेकीचे चार तोफगोळे ओतून विकू? गोळ्यांना वेळ लई जातोय. वडगाव-शहापूरकडलं कोण खेळत असेल तर हिशोब सांगा बघू.