मदत हवी आहे: तीन रंगांच्या कमांडर डेकमध्ये विशेष कामाच्या लँड किती आणि कोणत्या ठेवाव्यात?

नमस्कार.

आम्ही काही मित्र फोंड्यात रविवारी जमून 'मॅजिक: द गॅदरिंग'चा कमांडर हा प्रकार खेळतो. म्हापसा आणि मडगावहूनही एकेक जण येतो. चवथीला बाहेरगावची मंडळी घरी परततात, त्यामुळे त्या सुट्टीत चौघांचे डाव सलग होतील. त्याआधी मला माझ्या डेकमधील लँडचा हिशेब पक्का करायचा आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मत हवे आहे.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेक १०० कार्डांचा असतो. त्यातील एक कार्ड कमांडर असते आणि उरलेल्या ९९ कार्डांमध्ये बेसिक (एकाच रंगाचा माना देणाऱ्या साध्या) लँड वगळता कोणतेही कार्ड दुसऱ्यांदा घेता येत नाही. कमांडरच्या रंगांबाहेरचा रंग डेकमध्ये चालत नाही. लँड टॅप करून (आडवी वळवून) माना, म्हणजे कार्डे खेळण्याची ऊर्जा, मिळतो आणि त्या मानावर बाकी सर्व कार्डे खेळली जातात, त्यामुळे लँड चुकल्या की हातातली उत्तम कार्डेही तशीच पडून राहतात.

माझा कमांडर 'घेव्ह, गुरू ऑफ स्पोअर्स' आहे. कमांडरसाठी बांधलेले तयार डेक २०११ मध्ये पहिल्यांदा निघाले, त्यांपैकी पांढऱ्या-काळ्या-हिरव्या डेकमधला हा कमांडर. तो खेळण्यासाठी एकूण पाच माना लागतो आणि त्यात पांढरा, काळा व हिरवा हे तिन्ही रंग एकेकदा यावे लागतात. मैदानात येताना तो +१/+१ चे, म्हणजे ताकद आणि टिकाव एकेकाने वाढवणारे, पाच काउंटर घेऊन येतो. एक माना देऊन माझ्या कोणत्याही क्रीचरवरील (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डावरील) एक काउंटर काढला की सॅप्रोलिंग हे १/१ चे एक छोटे क्रीचर मिळते, आणि एक माना देऊन एखादे क्रीचर बळी दिले की दुसऱ्या क्रीचरवर एक काउंटर ठेवता येतो. डेकमधील बाकी सारे याच चक्राभोवती फिरते.

सध्या डेकमध्ये ३७ लँड आहेत. त्यांपैकी १५ बेसिक आहेत: सात फॉरेस्ट, चार स्वॉम्प आणि चार प्लेन्स. रंगांची सोय लावणाऱ्या १४ लँड अशा आहेत: कमांड टॉवर, एक्झॉटिक ऑर्चर्ड, सँडस्टेप सिटाडेल, इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स, टेरामॉर्फिक एक्स्पान्स, हातात एक लँड परत घ्यायला लावणाऱ्या सेलेस्निया सँक्च्युअरी, गोल्गारी रॉट फार्म आणि ऑर्झोव्ह बॅसिलिका, रंगीत माना घेताना एक लाइफ नेणाऱ्या लानोवार वेस्ट्स, ब्रशलँड आणि केव्ह्ज ऑफ कोइलोस, शिवाय सनपेटल ग्रोव्ह, वुडलँड सेमेटरी आणि आयसोलेटेड चॅपेल.

उरलेल्या आठ जागांवर सध्या गॅव्हनी टाउनशिप, व्हॉल्ट ऑफ द आर्कएंजल, हाय मार्केट, रोग्ज पॅसेज, रेलिक्वरी टॉवर, घोस्ट क्वार्टर, बोजुका बॉग आणि खाल्नी गार्डन आहेत. माझा प्रश्न याच आठ जागांविषयी आहे. यांतील पहिल्या सहा लँड केवळ रंगहीन माना देतात. प्रत्येकीचे काम वेगळे आणि मोहात पाडणारे आहे, पण सहाही ठेवल्यामुळे रंग आटतात अशी मला शंका आहे. एक्झॉटिक ऑर्चर्ड समोरच्यांच्या लँडवर अवलंबून असल्याने ती बाजूला ठेवली, तर हिरवा माना देणाऱ्या १८, काळा देणाऱ्या १५ आणि पांढरा देणाऱ्या १४ लँड भरतात.

आमच्या गटाची माहितीही देतो, कारण त्याशिवाय सल्ला देणे कठीण होईल. एका मित्राचा डेक ग्रेव्हयार्डमधून (मेलेल्या आणि वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून) क्रीचर उठवण्यावर चालतो. दुसऱ्याचा डेक पूर्ण हिरवा असून तो 'निक्थॉस, श्राइन टू निक्स' या लँडवरून एका टर्नमध्ये प्रचंड माना उपसतो. तिसरा निळा-लाल आहे आणि वेळ येईपर्यंत तो काहीच करत नाही. वेगाने अंगावर येणारा डेक आमच्यात कोणाचाच नाही.

शॉक लँड (दोन लाइफ देऊन टॅप न होता आणता येणाऱ्या दोन रंगांच्या लँड) माझ्या खिशाला परवडण्यासारख्या नाहीत. दोन रंगांच्या मूळ ड्युअल लँड १९९३ च्या असून त्या पुन्हा न छापण्याचे कंपनीचे जाहीर धोरण असल्याने त्यांचा विषयच नको. कार्डे कुरिअरने बाहेरून मागवावी लागतात, त्यामुळे सगळी एकदम मागवीन. फॉइल (चकचकीत छपाईची) कार्डे कृपया सुचवू नयेत. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती स्लीव्हमध्येसुद्धा वाकतात आणि मग शफल करताना हाताला कळतात.

तर या सहा रंगहीन लँडपैकी कोणत्या काढाव्यात, आणि त्यांच्या जागी काय घ्यावे?

प्रतिसाद, म्हापशाहून

हिशेब मांडून विचारलेला प्रश्न पाहून बरे वाटले. आपली शंका रास्त आहे, मात्र ती पाचव्या टर्नपर्यंतच खरी आहे. असे का, ते आधी सांगतो.

घेव्हच्या दोन्ही क्षमतांना लागणारा एक माना कोणत्याही रंगाचा चालतो, रंगहीनही चालतो. त्यामुळे तो एकदा मैदानात आला की रोग्ज पॅसेजमधून मिळालेला माना आणि फॉरेस्टमधून मिळालेला माना यांत त्याच्या दृष्टीने काहीही फरक राहत नाही. अडचण आहे ती त्याला मैदानात आणेपर्यंतची. चौघांच्या डावात पहिला खेळाडूही पहिल्या टर्नला कार्ड घेतो, म्हणजे पाचव्या टर्नपर्यंत आपण सात आणि पाच अशी १२ कार्डे पाहता. ९९ कार्डांत पांढरा देणाऱ्या १४ लँड असतील, तर त्या १२ कार्डांत त्यांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के आहे. हातबदल आणि लँड शोधून देणारी कार्डे यांत धरलेली नाहीत, तरीही सातांतील एका डावात पांढऱ्यासाठी खोळंबा, हे जास्तच झाले. हाच आकडा १८ वर नेला तर शक्यता साडेसात टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे तेरांतील एक डाव. तेव्हा हिरव्याची चिंता सोडा आणि पांढऱ्याचे १८ करा.

रेलिक्वरी टॉवर विनाविलंब काढा. हातात सातांहून अधिक कार्डे साठवणाऱ्या डेकला ती शोभते. आपला डेक हातातले सगळे मैदानात उतरवतो, त्यामुळे तिची क्षमता बहुतेक डावांत वापरलीच जाणार नाही. पुष्कळ लोक ती सवयीने प्रत्येक डेकमध्ये घालतात. रोग्ज पॅसेजही काढा. चार माना देऊन आणि ती लँड टॅप करून एकच क्रीचर अडवता येणार नाही असे करायचे, हे एका मोठ्या क्रीचरवर चालणाऱ्या डेकचे काम आहे. आपल्याकडे सॅप्रोलिंगचे थवे आहेत.

या दोन जागांवर कॅनपी व्हिस्टा आणि सनलिट मार्श घ्या. दोन्ही स्वस्त आहेत. कॅनपी व्हिस्टा ही फॉरेस्टही आहे आणि प्लेन्सही, आणि आपल्याकडे दोन बेसिक लँड असतील तर ती टॅप न होता येते. १५ बेसिक असताना ही अट सहज पुरी होते. सनलिट मार्श प्लेन्स आणि स्वॉम्प आहे; ती टॅप होऊनच येते, पण तिचा प्रकार महत्त्वाचा आहे. आपल्या डेकमध्ये नेचर्स लोअर आणि फारसीक ही लँड शोधून देणारी कार्डे असतील असे गृहीत धरतो. नेचर्स लोअर फॉरेस्ट प्रकारची कोणतीही लँड शोधते, बेसिकच हवी असे नाही, म्हणजे तिने कॅनपी व्हिस्टा थेट मैदानात येते. फारसीकने सनलिट मार्श आणता येते. नुसते फॉरेस्ट फारसीकने सापडत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. शिवाय या दोन्ही लँडमुळे आपल्या सनपेटल ग्रोव्ह आणि आयसोलेटेड चॅपेल यांची टॅप न होता येण्याची अटही भागते.

घोस्ट क्वार्टर मात्र नुसती काढू नका, बदला. निक्थॉस समोर असताना लँड फोडण्याची सोय हवीच, पण घोस्ट क्वार्टर वापरली की आपली एक लँड जाते आणि समोरच्याला बेसिक मिळते. तिच्याऐवजी डिमॉलिशन फील्ड घ्या. दोन माना जास्त लागतात, परंतु ज्याची लँड फुटली त्याच्याप्रमाणे आपल्यालाही एक बेसिक शोधून थेट मैदानात ठेवता येते. साहजिकच ती प्लेन्स असेल. फील्ड ऑफ रुइन त्याच धर्तीची आहे, पण ती टेबलावरच्या प्रत्येकाला बेसिक देते, आणि चौघांच्या डावात इतके औदार्य परवडत नाही.

हाय मार्केटही मी काढीन. क्रीचर फुकटात बळी देता येते असे तिचे कौतुक होते, पण तिच्यासाठी ती लँड टॅप करावीच लागते. एक लँड मोकळी असली की घेव्ह स्वतः तेच काम करतो आणि वर एक काउंटर देतो. तिच्या जागी कबीरा टेकडाउन घ्या: एका बाजूला आपल्या क्रीचरच्या संख्येइतके नुकसान करणारा मंत्र, दुसऱ्या बाजूला टॅप होऊन येणारी पांढरी लँड.

प्रतिसाद, मडगावहून

वरील बहुतेक मुद्दे पटले. हाय मार्केटविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

घेव्ह मैदानात असेल तर हाय मार्केटची गरज नाही, हे खरे. पण तो नेहमी मैदानात असेल का? या कमांडरची ख्याती अशी आहे की तो दिसला की टेबलावरचे तिघेही आपसांतील भांडण विसरतात. प्रत्येक वेळी कमांड झोनमधून (कमांडर ठेवण्याच्या वेगळ्या जागेतून) त्याला पुन्हा आणताना दोन माना वाढतो. दोनदा मारला गेला की तिसऱ्यांदा नऊ माना मोजावा लागतो, आणि मधल्या काळात डेककडे बळी देण्याचे साधनच उरत नाही. डेकमध्ये ब्लड आर्टिस्टसारखी, क्रीचर मेले की फायदा देणारी कार्डे असतील, तर त्या दिवसांत हाय मार्केटच हात देते. म्हणून मी ती ठेवीन आणि कबीरा टेकडाउन एखाद्या लँडऐवजी क्रीचर मारणाऱ्या एखाद्या मंत्राच्या जागी घालीन. ते कार्ड मुळात मंत्रच आहे, त्यामुळे मंत्र कमी होत नाहीत आणि गरज पडेल तेव्हा अडतिसावी लँडही हाताशी राहते.

बोजुका बॉग आणि खाल्नी गार्डन यांना हात लावू नये. दोन्ही टॅप होऊन येतात, पण रंगीत माना देतात, म्हणजे विशेष कामाची किंमत त्या रंगात वसूल करत नाहीत. त्यांची खरी गंमत आपल्या त्या तीन लँडबरोबर आहे ज्या एक लँड हातात परत घ्यायला लावतात. सेलेस्निया सँक्च्युअरी खेळताना खाल्नी गार्डन हातात घ्या आणि पुढच्या टर्नला पुन्हा खेळा. आणखी एक ०/१ प्लँट मिळते, आणि घेव्हसाठी प्रत्येक क्रीचर म्हणजे एक काउंटर आहे. बोजुका बॉग तशीच दुसऱ्यांदा खेळून त्या मित्राचे ग्रेव्हयार्ड पुन्हा रिकामे करता येईल. मात्र बॉग पहिल्या टर्नला उगाच खाली ठेवू नका. ग्रेव्हयार्ड भरेपर्यंत ती हातात धरण्याइतका धीर हवा.

गॅव्हनी टाउनशिपबद्दल कोणी काही म्हटले नाही, कारण म्हणण्यासारखे नाही. सगळ्या लँड बदलल्या तरी ती ठेवावी. सहा क्रीचर असताना ती वापरली की सहा काउंटर मिळतात, आणि पुढे घेव्ह त्यांचे काय करतो ते आपण जाणताच.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रंगहीन मानाचा प्रश्न घेव्ह येईपर्यंतचाच आहे, ही मांडणी मला सुचली नव्हती, आणि तिच्यामुळे कोणती लँड कशासाठी आहे हे स्पष्ट झाले. ब्लड आर्टिस्ट डेकमध्ये आहे, त्यामुळे हाय मार्केट राहील.

आता यादी अशी होईल: रेलिक्वरी टॉवरऐवजी कॅनपी व्हिस्टा, रोग्ज पॅसेजऐवजी सनलिट मार्श, घोस्ट क्वार्टरऐवजी डिमॉलिशन फील्ड, एका मंत्राच्या जागी कबीरा टेकडाउन, आणि एक फॉरेस्ट काढून पाचवी प्लेन्स. असे केल्यावर पांढऱ्याचे १८, हिरव्याचेही १८ आणि काळ्याचे १६ होतात. रंगहीन लँड सहावरून चारवर येतात.

एकच शंका राहिली. टॅप होऊन येणाऱ्या किंवा टॅप झालेली लँड शोधून देणाऱ्या लँड आधी आठ होत्या. आता सनलिट मार्श आणि कबीरा धरून त्या दहा झाल्या. हे जास्त होते का?

प्रतिसाद, म्हापशाहून

आपल्या गटात वेगवान डेक नाही, तेव्हा दहा चालतील. पहिल्या टर्नला आपल्याकडे खेळण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून टॅप होऊन येणारी लँड तेव्हाच खाली ठेवावी आणि दुसऱ्या टर्नसाठी लानोवार वेस्ट्स किंवा ब्रशलँड हातात राखावी, म्हणजे नेचर्स लोअर वेळेवर निघते. एक लँड हातात परत घ्यायला लावणाऱ्या तीन लँड पहिल्या टर्नला खेळून उपयोग नाही, कारण तेव्हा परत घ्यायला त्या स्वतःच असतात. सुरुवातीच्या हातात अशा दोन आल्या आणि तिसरी साधी लँड नसेल, तर तो हात बदलावा. पुढेमागे सोय झाली तर टेरामॉर्फिक एक्स्पान्सच्या जागी फेबल्ड पॅसेज घ्या. चार लँड झाल्यावर ती शोधलेली बेसिक मोकळी करून देते. या खेपेच्या मागणीत ती नसली तरी अडणार नाही.