पुस्तकातला चांदोबा उभा, आपला आडवा: असं का? (आणि चित्रांची चांगली पुस्तकंही सुचवा)

ऐरोलीकर_आजोबा

नमस्कार मंडळी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. आता मुलगा-सून कामावर जातात आणि साडेपाच वर्षांची नात दिवसभर माझ्या ताब्यात असते, किंवा मी तिच्या. दुपारी दोन पुस्तकं, रात्री एक, असा करार आहे. वाचताना मला डुलकी लागली तर दंड म्हणून आणखी एक.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळत घातलेल्या कुरडया आवरायला आम्ही दोघं गच्चीवर गेलो. खाडीपलीकडे मुलुंडच्या बाजूला बारीकशी कोर दिसत होती. नात म्हणाली, "आजोबा, चांदोबा आडवा पडलाय." बघितलं तर खरंच आडवी! दोन्ही टोकं वर, आमची आई कपाळावर लावायची तशी.

रात्री तिनं नेहमीचं पुस्तक काढलं. प्रदर्शनातून घेतलेलं, जाड पानांचं, रंग झकास. अस्वलाचं पिल्लू गादीवर निजायला चाललंय, आई पांघरूण घालतेय आणि खिडकीत चंद्र. उभा. पोट डावीकडे, टोकं उजवीकडे, इंग्रजी सी काढतात तसा. वर दोन टोकांच्या मधोमध एक चांदणी. नातीनं चंद्र आपल्यासारखा दिसावा म्हणून पुस्तक फिरवलं. चंद्र जमला, पण अस्वल गादीवरून घरंगळायला लागलं. पुस्तक सरळ केलं तर अस्वल ठीक, चंद्र पुन्हा चुकला. असं पाच-सहा वेळा झालं आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं.

ड्रॉइंग आणि जॉब जुळत नसेल तर दोघांतलं एक चुकलंय, एवढं मला कळतं. पण इथे जॉब आभाळात. तो रिजेक्ट करून कुणाकडे पाठवू?

कुणी समजावून सांगेल का? आणि जोडीला पुस्तकंही सुचवा. माहितीचे ठोकळे नकोत. एका पाहुण्यांनी प्रश्नोत्तरांचा भलामोठा ग्रंथ आणून दिला होता. दोन प्रश्न ऐकले आणि बाईसाहेब म्हणाल्या, "ह्यात सगळं आधीच सांगून टाकलंय." पुस्तक सध्या पंख्यासमोर पेपर उडू नयेत म्हणून वापरतो.

घोडबंदरची_आई

काका, तुमची नात आणि माझा मुलगा एकाच मातीचे दिसतात!

चंद्राचं जाणकारांवर सोडते, पुस्तकांचं सांगते. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' आधी आणा. पानभर चित्र, आणि त्यात शोधावं तेवढं थोडं. आमच्याकडे एकाच पानावर अर्धा तास गेलाय, आणि त्यात मला एकही ओळ वाचावी लागली नाही. 'राधाचं घर'ही आणा, त्यातल्या आजोबांशी तुमचं जमेल.

दुसरं, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर गोष्टी फुकट वाचता येतात, मराठीतही भरपूर आहेत. पण सरसकट सगळ्या चांगल्या नाहीत, आधी स्वतः चाळा. राजीव आइप यांचं 'अम्माचीज अमेझिंग मशिन्स' तुम्हालाच जास्त आवडेल असं वाटतं. आजी आणि नातू नारळाची बर्फी करतात आणि करता करता साधी यंत्रं येत जातात. कुठेही 'मुलांनो, याला म्हणतात...' असला सूर नाही.

आणि मार्गारेट वाइज ब्राउन यांचं 'गुडनाइट मून', 1947 सालचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कंटाळवाणं वाटलं होतं. खोलीतल्या वस्तूंना गुडनाइट म्हणत बसायचं, बस! मग मुलानंच दाखवलं की पानागणिक खोलीत अंधार वाढतो, उंदीर जागा बदलतो, आणि घड्याळात सातचे आठ वाजून दहा मिनिटं होतात. मी पन्नासदा वाचलं, पण घड्याळ बघितलं नव्हतं.

फळा_खडू

आजोबा, जॉब बरोबर आहे. ड्रॉइंग परगावचं आहे.

नौपाड्यात पंचवीस वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो. एकच गोष्ट धरून ठेवा: चंद्राचं उजळलेलं पोट नेहमी सूर्याकडे असतं. बीजेला सूर्य नुकताच बुडालेला असतो आणि चंद्र त्याच्या मागोमाग, जवळपास त्याच वाटेनं उतरत असतो. आपण 19 अक्षांशावर राहतो. पाडव्याच्या सुमारास संध्याकाळी ही वाट आपल्या क्षितिजाला जवळजवळ काटकोनात असते. म्हणजे सूर्य चंद्राच्या बरोबर खाली. पोट खाली, टोकं वर, झाली होडी. लंडन 51 अक्षांशाच्याही वर आहे, तिथे तीच वाट तिरकी होते. सूर्य खाली पण उजवीकडे सरकलेला, म्हणून त्यांची कोर कललेली. तिथले चित्रकार त्यांना दिसतं ते काढतात, आपण तेच गिरवतो.

आपल्याकडेही ती बारा महिने होडी नसते. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आठवणीनं बघा. तेव्हा वाट क्षितिजाशी साधारण 48 अंशांचा कोन करते, कोर उजवीकडे कललेली दिसेल. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला ज्या चंद्राला ओवाळतात तोही तसाच कललेला असतो.

तुमच्या पुस्तकातली खरी गोम मात्र वेगळीच आहे. अशी उभी, पोट डावीकडे असलेली कोर आपल्याकडे काय किंवा लंडनला काय, संध्याकाळी दिसतच नाही. ती वद्य पक्षातली. उगवतेच पहाटे, सूर्याच्या थोडी आधी. म्हणजे ते अस्वल निजायला चाललेलं नाही. ते रात्रभर जागलंय आणि आईनं आत्ता पकडलंय.

चांदणीचं म्हणाल तर दोन टोकांच्या मधली जागा रिकामी नसतेच, तिथेही चंद्रच असतो, अंधारातला. बीजेला नीट निरखलं तर राखाडी गोल दिसतो. तो उजेड पृथ्वीवरून परतून गेलेला असतो. लिओनार्दो दा विंचीनं हे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. चांदणी त्या गोलाच्या बाहेरच हवी. 24 मार्च 2023 आठवतंय? पाडव्यानंतर दोनच दिवसांनी शुक्र कोरीच्या अगदी खाली आला होता आणि घरोघरी मोबाइल गच्चीवर गेले होते. तेवढं जवळ चालेल, आत नाही.

नातीला दाखवायचं तर विणायच्या सुईवर मोसंबं खोचा, अंधार करा आणि टॉर्च खालून, मग बाजूनं धरा.

रेघोट्या

गुन्हा कबूल. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि असे उभे चंद्र मीही काढलेत, बहुतेक झोपायच्या वेळेलाच. कारण सांगू? खिडकीच्या कोपऱ्यात उभी कोर नीट बसते, आडवी ठेवली की केळं वाटतं. एका संपादकांनी खरंच विचारलं होतं, "खिडकीत केळं कशाला?" मी मुकाट्यानं उभी केली. गंमत म्हणजे त्याच दिवशी मी स्वतः चंद्रकोर लावून गेले होते.

वरचं वाचून एरिक कार्ल यांचं 1986 सालचं 'पापा, प्लीज गेट द मून फॉर मी' आठवलं. मुलीला चंद्र हवा असतो आणि बाबा लांबच लांब शिडी घेऊन निघतात. पानं वर, बाजूला, चारी अंगांनी उलगडतात. चंद्र फार मोठा म्हणून बाबा तो लहान व्हायची वाट बघतात. हातात आल्यावरही तो लहान होत होत नाहीसाच होतो, आणि मग पुन्हा कोर दिसते. विज्ञान म्हणून तपासायला गेलात तर पहिल्याच पानावर अडकाल. पण चंद्राची वाट बघावी लागते हे त्यात फार छान येतं.

वाशी_लोकल

आमच्या कार्ट्याचा प्रश्न: वाशीच्या खाडीपुलावर चंद्र गाडीबरोबर का धावतो? मीच त्याला खिडकीला नाक लावून बघायला सांगितलं. पुलाचे खांब सुसाट मागे, होड्या सावकाश मागे, ट्रॉम्बेचा डोंगर जेमतेम हलतो. चंद्र तर पावणेचार लाख किलोमीटरहून लांब, तो कशाला हलेल? उत्तर पटलं. मग म्हणाला, "पण तिकीट तर त्याचंही काढायला पाहिजे." धागा वाचतोय.

ऐरोलीकर_आजोबा

मंडळी, उशिरा लिहितोय, कारण सामानाची वाट बघत होतो. सामान म्हणजे वद्य पक्षातली कोर.

मोसंब्याचा प्रयोग त्याच रात्री केला. टॉर्च खालून धरला की होडी, बाजूनं धरला की सी. नातीनं स्वतः टॉर्च धरून तीसेकदा केलं आणि मग मोसंबं सोलून मागितलं. 'अम्माची' मोबाइलवर वाचलं. दुसऱ्या दिवशी आमच्या विळीवर बसून मी नारळ खवला, तर मला "पाचर कुठे आहे ते सांगा" अशी तोंडी परीक्षा द्यावी लागली. पाते दाखवलं, पास झालो. 'चित्रवाचन' आलंय. शिडीवाल्या बाबांचं पुस्तक सुनेनं मागवलंय, अजून आलेलं नाही.

काल चैत्र वद्य त्रयोदशी. पाच वाजता उठलो, दूध तापवलं, आणि सुनेचा डोळा चुकवून नातीला शालीत गुंडाळून गच्चीवर नेलं. या खेपेला तोंड पूर्वेला, पारसिकच्या डोंगराकडे. दहा मिनिटं काहीच नाही, नुसता टॉवरचा लाल दिवा. मला वाटलं फसलो. मग पाण्याच्या टाकीच्या कडेनं पुढे सरकलो आणि दिसली. बारीक, थोडी कललेली, पोट डावीकडे. सर, शंभर टक्के तुम्ही म्हणालात तशी.

पोरीनं एक डोळा उघडून बघितलं. "अस्वलाचा चांदोबा," म्हणाली आणि खांद्यावर परत झोपली.

सकाळी उठल्यावर तिनं पेन्सिल मागितली. पुस्तकातल्या चांदणीवर फुली मारली आणि मला विचारलं, चुकलेल्या कामावर तुम्ही कंपनीत काय लिहायचात? मी समासात 'रिवर्क' लिहून दिलं. खाली दोघांनी सह्या केल्या. तिची सही पानभर आली आहे, अस्वलाच्या पांघरुणावरून गेलेली.