अनुभव सांगा: ‘हुतंय की’ म्हटलं आणि खरंच झालं, असं कधी घडलंय का?

वहीवाली
पावसाळ्याआधीची आवराआवर आमच्याकडे दरवर्षी पाऊस सुरू झाल्यावरच होते. काल दुकानातलं मागचं कपाट पुढं ओढलं तर त्याच्या पाठीवर गाळाची रेघ. तपकिरी, सरळ, फूटपट्टी लावून मारल्यासारखी. तिच्या वर चार बोटांवर दुसरी. खालची २०१९ ची, वरची २०२१ ची. हातात फडकं घेऊन तशीच बघत बसले.

आमचं वह्या आणि बाइंडिंगचं दुकान, कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला. कागदाचा धंदा आणि नाल्याचा शेजार, काय ते समजून घ्या. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. आठवडाभर नणंदेकडे राजारामपुरीत होतो. पाणी उतरल्यावर आलो तर शटर वर जाईना. कसंतरी वाकवून आत शिरलो. वह्या भिजून इतक्या फुगलेल्या की रॅकमधून ओढून निघेनात. ह्यांनी शेवटी कोयत्यानं तोडून काढल्या. तो वास अजून नाकात आहे.

मी पायरीवर बसून रडत होते आणि आमचे आबा (सासरे, तेव्हा ७१) कानावरची पेन्सिल काढून भिंत मोजत होते. म्हटलं, काय करताय? तर म्हणाले, “फळी किती वर घ्यायची बघतोय.” विमा नाही, माल नाही, आणि ह्यांना फळी सुचतेय! मला इतका राग आला होता तेव्हा.

रेघेच्या वर वीतभर अंतर सोडून त्यांनी फळी ठोकून घेतली. २०२१ ला पाणी आणखी चढलं, ५६ च्या वर. फळी वाचली.

आशावादी माणूस म्हणजे ‘काही होत नाही’ म्हणणारा, असं मी समजत होते. आबा तर पाणी येणारच असं धरून चालतात, आणि तरी पुढच्या जूनच्या वह्यांची ऑर्डर देऊन मोकळे होतात. तुमच्याकडं असं कुणी आहे का? किंवा तुम्ही स्वतः? लिहा. सुविचार आणि फॉरवर्ड नकोत, ते सकाळी सहापासून येतायत.

पेठेतला_भावा
पहिला!! रेघेचा फोटो टाका की ताई

भट्टीवाला
शिरोलीला फौंड्रीत, ओतकामाला, २६ वर्षं झाली. २००९ च्या मंदीत तीन शिफ्टची एक झाली. निम्मी पोरं गावाकडं गेली. मला ठेवलं, पण काम काय? बसून राहायचं. घरी दोन लेकरं, गाडीचा हप्ता. बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून एक दिवस रिजेक्ट कास्टिंगचा ढीग पुढं ओढला आणि एकेक हातोड्यानं फोडायला लागलो. ब्लो होल (हवा अडकून पडलेलं भोक) कुठं आलाय, कोअरच्या (आतल्या वाळूच्या साच्याच्या) बाजूला की वर, वाळूत ओल किती होती, सगळं पोराच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत लिहायचो. लोक म्हणायचे येडं झालंय. काम परत सुरू झालं तेव्हा आमच्या लाइनचं रिजेक्शन शंभरात बारावरून पाचावर आलेलं. लगेच कुणी हार घातला नाही, पण पुढच्या वर्षी सुपरवायझर केलं.
आणि एक सांगतो, रिजेक्ट झालेलं कास्टिंग आम्ही फेकत नाही, ते परत भट्टीत जातं, तसंच माणसाचं

पेठेतला_भावा
काका शेवटच्या ओळीत फॉरवर्ड झालं हो तुमचं 😂

भट्टीवाला
व्हय की. सवय लागलीया. काढून टाकतो. कसं काढायचं?

निपाणीकर_सून
वहीवाली ताई, कोल्हापूरच्या आणि ‘बसले’ लिहिता? आमच्या नणंदा सगळ्या ‘मी आलो, मी जेवलो’. लग्न झाल्यावर वर्षभर मला वाटायचं घरात दिरच जास्त आहेत.

वहीवाली
😄 लिहिताना बसले, बोलताना बसलो. शाळेतल्या बाईंची कृपा.

बारा_हजार_गेले
मी स्पष्टच लिहितो. ‘सकारात्मक व्हा, यशस्वी व्हा’ असल्या एका शिबिराला १२,००० भरले होते. हॉटेलचा हॉल, फुल एसी, मोठ्यानं गाणी. फरशीच्या तुकड्यावर आपली भीती लिहायची आणि हातानं फोडायची. मी ‘कर्ज’ लिहिलं. फरशी फुटली, कर्ज तसंच. वर करंगळी सुजली, एक्स-रेचे वेगळे. दुसऱ्या दिवशी कळलं की पुढची पायरी ४०,००० ची आहे आणि दोन माणसं आणली तर सूट. बायको अजून घरात काही बिघडलं की म्हणते, “लिहा फरशीवर.”

वहीवाली
लिहा फरशीवर 🤣🤣 आजपासून आमच्या घरातपण हेच

लाल_माती
तालमीच्या हौद्यातली माती कुणी जवळनं बघितलीया काय? ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळत्यात. वास असा येतो की भूक लागती.
मी सतराचा हुतो तवा गावच्या जत्रंत दोन मिनिटांत चीतपट. वडील मैदान सोडून गेले, मला न घेता. चालत तालमीत आलो, जेवलो न्हाई, झोपलो. पहाटं चारला वस्तादानं लाथ मारून उठवलं. म्हटलं वस्ताद, काल पाठ लागली. तर म्हणतंय, “ती काल लागली. आज मंगळवार हाय. जोर काढ.” बास. एवढंच बोलला माणूस. त्या दिवशी किती जोर काढले मोजलं न्हाईत, पण जिना उतरताना भिंत धरून उतरलो.
पुढं काय लई मोठा पैलवान झालो न्हाई. पोलिसात लागलो. पण वाईट दिवस आला की अजून मी आधी वार कुठला ते बघतो.
आणि कोल्हापुरात बसून ह्या विषयावर लिहिताय आणि पैलवान खाशाबा जाधवांचं नाव न्हाई? १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, मातीवरचा माणूस मॅटवर, सहावा आला. परत आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आपलं पोरगं!

कृष्णाकाठ
एक मिनिट. खाशाबा जाधव गोळेश्वरचे. कराडजवळ. सातारा जिल्हा.

लाल_माती
जन्म तुमचा, शिक्षण राजाराम कॉलेजात. अर्धं अर्धं करू.

कृष्णाकाठ
पदकाचं अर्धं होत नसतं 😤
पण मला त्यात कायम दुसराच माणूस आठवतो. हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पैलवानाला स्वतःच्या अंगातली ताकद माहीत असते. गहाणखतावर सही करणाऱ्याकडं काय होतं? त्या काळात ७,००० म्हणजे आयुष्याची कमाई. मला खरा आशावादी तोच वाटतो.

लाल_माती
हे मात्र बरोबर बोललास भावा. ये कधी, गंगावेशीत दूध प्यायला.

कृष्णाकाठ
धारोष्ण पचत नाही हो आता

दोन_गुणांनी
मी उलटा अनुभव लिहितो, चालेल ना.
पाच वेळा परीक्षा दिली. राज्यसेवा. दोनदा पूर्वपरीक्षा दोन गुणांनी गेली (म्हणून हे नाव). अभ्यासिकेत माझ्या टेबलावर ‘यंदा नक्की’ चिकटवलेलं होतं. कागद पिवळा पडला तरी ‘यंदा’ तसंच. घरचे, मित्र, क्लासवाले सगळे म्हणायचे आशा सोडू नकोस. कुणी एकदाही विचारलं नाही की कुठल्या विषयात कमी पडतोयस. मी स्वतःपण नाही विचारलं. रात्री पडल्या पडल्या लाल दिव्याची गाडी, गावातली मिरवणूक, गुलाल, सगळं दिसायचं. भारी वाटायचं. सकाळी उशिरा उठायचो.
एकतिसाव्या वर्षी थांबलो. ज्या दिवशी आशा सोडली त्या दिवशी गाढ झोप लागली. आता चुलतभावाबरोबर बेकऱ्यांना मैदा पोचवतो. बरं चाललंय. एवढंच.

निपाणीकर_सून
हे वाचून गप्प झाले. माझा भाऊ सध्या तिसऱ्यांदा बसलाय.

दोन_गुणांनी
ताई त्याला ‘होईल’ म्हणू नका. मागच्या वर्षीची उत्तरपत्रिका बरोबर घेऊन बसा त्याच्या.

खडू_डस्टर
मधल्या सुट्टीत लिहितेय, घाईत आहे. दोन_गुणांनी, तुम्ही मिरवणुकीचं जे लिहिलंय त्यावर अभ्यास झालेला आहे. गॅब्रिएल ओटिंगेन म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत. वजन कमी करायला आलेल्या बायका, नोकरी शोधणारी पदवीधर मुलं, असे गट त्यांनी पाहिले. यश मिळाल्याची गोड चित्रं मनात जास्त रंगवणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा कमी घटलं, नोकरीचे प्रस्तावही कमी आले. कारण चित्र बघूनच शरीर सैलावतं, काम झाल्यासारखं वाटतं. आधीच्या अनुभवावरून ‘मला हे जमेल’ वाटणं ही वेगळी गोष्ट, त्याचा फायदाच दिसला. त्या सांगतात की हवं ते डोळ्यापुढं आणा, पण लगेच आपल्यातला अडथळाही आणा, आणि तो आला तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.
म्हणजे वहीवालीचे आबा. ते काहीही न वाचता

घंटा झाली

वहीवाली
आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “जर्मनीत पण पूर येतो काय?”

मातीकाम
बापट कॅम्प. आमचं कुंभारकाम, गणपतीचं. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.
२०१९ ला गणपती २ सप्टेंबरला होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी शिरलं तेव्हा मूर्ती ऐन रंगावर. वरच्या फळीवरच्या तेवढ्या टेम्पोत घालून हलवल्या, बाकीच्या राहिल्या. परत आलो तर शाडूच्या सगळ्या बसलेल्या. बसलेल्या म्हणजे विरघळून खाली. आत पाय टाकला तर घोट्यापर्यंत चिकट माती, आणि त्यात एक मुकुट आणि एक डोळा वर आलेला. डोळे मीच रेखले होते दोन दिवस आधी. माझ्या आईनं तो चेहरा उचलून ओच्यात घेतला. कुणी काही बोललं नाही.
बुकिंगच्या पावत्या मात्र माझ्या खिशात होत्या. लोकांचे फोन यायला लागले. मला वाटलं पैसे परत मागतायत. एक जण म्हणाला, “मूर्ती लहान केलीस तरी चालंल, पण तूच कर.” रंग कुठनं आणायचा, साचे फुटलेले, हवा दमट, शाडू वाळायलाच तयार नाही. पाव्हण्यांकडनं हॅलोजन आणले, रात्रभर लावून ठेवायचो आणि मूर्ती दर तासाला फिरवायच्या, नाहीतर एका बाजूनं तडा जातो. मी, बायको, आई, आळीपाळीनं झोपायचो. एक फुटाच्या केल्या सगळ्या. निम्म्याच ऑर्डरी पुऱ्या झाल्या, बाकीच्यांचे पैसे दिवाळीनंतर फेडले, दोघांचे तर पुढच्या वर्षी.
मी काय आशावादी नाही हो. फोन येत होते म्हणून करत गेलो.

भट्टीवाला
🙏

निपाणीकर_सून
ओच्यात घेतला... 😢 आईंना नमस्कार सांगा

पेठेतला_भावा
दादा ह्या वर्षी आमच्या घरचा तुमच्याकडनंच. एक फुटाचाच पाहिजे.

कर्रकर्र
आमची चपलांची लाइन. पुण्यातली नोकरी २०२० ला गेली, परत आले, वडिलांच्या दुकानात बसले. वडील म्हणायचे हा धंदा आता म्हाताऱ्यांचा. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, त्याचं सर्टिफिकेट म्हणजे भिंतीला शोभा असं त्यांचं मत. मी फोटो काढून ऑनलाइन टाकायला लागले. पहिल्या तीन महिन्यांत विकले नऊ जोड, त्यातले चार परत. ‘आवाज येतो’ म्हणून! अहो आवाजासाठीच घेतात ना ती?! मग मी पहिल्या ओळीत लिहायला लागले, ‘ही चप्पल बोलते, झोपलेलं बाळ घरात असेल तर घेऊ नका.’ तिथनं विक्री वाढली. २०२५ ला इटलीतल्या प्राडा ह्या बड्या फॅशनवाल्यांनी आपलं नाव न घेता आपलीच चप्पल रॅम्पवर फिरवली आणि गाव पेटलं. वडील मात्र खूश, म्हणाले बघ, मोफत जाहिरात. आता कोण आशावादी झालं बघा घरात

बारा_हजार_गेले
‘बाळ असेल तर घेऊ नका’ हे त्या शिबिरवाल्यानं पण लिहायला पाहिजे होतं. ‘कर्ज असेल तर येऊ नका.’
आठ नंबर मिळेल काय? आवाजासकट.

कर्रकर्र
मिळेल काका. पहिले आठ दिवस तेल लावून घाला, नाहीतर चावती.

राधानगरी_फाटा
स्वप्नील कुसाळेचं कुणी लिहिलं नाही. कांबळवाडीचं पोरगं, तेव्हा रेल्वेत टीसी, २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. आमच्या एसटीत त्या दिवशी कंडक्टरनं पेढे वाटले. लिहायला अजून होतं पण इथं रेंज जाती. धरणाकडं काल रात्रीपासनं उभा पाऊस आहे, खालच्यांनी बघा

मातीकाम
किती आहे बंधाऱ्यावर?

पेठेतला_भावा
सकाळी ३४ हुतं

वहीवाली
आता ३६. ३९ ला इशारा. आबांनी शिडी काढलीय आणि मला हाक मारतायत, दहावीच्या वह्या आधी वर घ्यायच्या म्हणे, त्यांना गिऱ्हाईक पहिलं येतं. रेघेचा फोटो राहिला भावा, कपाट परत भिंतीला लावलं.