एपीआय (इतरांच्या कोडने लायब्ररी वापरायची ठरलेली पद्धत) वापरायला सोपा आहे का, हे रिलीजआधी कसं तपासावं?

प्रश्न: तारखांची लायब्ररी (इतरांना वापरता येईल असा तयार कोड) लिहिली आहे. युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागांच्या चाचण्या) पास होतात, पण इतर डेव्हलपरना ती जमेल का?

उत्तर १: लायब्ररी न पाहिलेले पाच जण बसवा. ‘महिन्याची शेवटची तारीख काढा’ असं काम, 30 मिनिटं आणि फक्त डॉक्युमेंटेशन द्या. मध्ये बोलू नका. कोड चालून उत्तर चुकलं, ती जागा सगळ्यात घातक. एरर आली तर माणूस निदान सावध होतो.

उत्तर २: अगदी खरं. जावास्क्रिप्टमध्ये न्यू डेट(2024, 1, 31) लिहिलं की महिने 0पासून मोजल्यामुळे फेब्रुवारी धरला जातो आणि गुपचूप 2 मार्च मिळतो. जावा 8मधलं लोकलडेट.ऑफ(2024, 2, 31) (इथे 2 म्हणजे फेब्रुवारी) तिथेच एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकतं.

प्रश्नकर्ता: डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणं ठेवू?

उत्तर १: ठेवा, पण त्याच कामाचं नको. नाहीतर कॉपी-पेस्टच तपासलं जाईल.