नखरे म्हणून सोडून दिलेलं मांजर: तुमचे अनुभव लिहा

तिरंगीसोनी
काल सातरस्त्याला रिक्षातून उतरले तर टपरीमागं पोत्यावर एक मांजर. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली. कुणीतरी दूधभाकरी ठेवलेली, ती वास घ्यायची आणि मान फिरवायची. मला आमची सोनी आठवली. रात्री झोप नाही लागली.

मी नववीत असताना सोलापूरच्या गड्डा जत्रेहून येताना बाबांनी ते पिल्लू स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेलं. दोन वर्षांची झाली तरी दोन किलो भरत नव्हती. वाटीकडं पळत यायची, एक घास उचलायची, डोकं झटकून परत टाकायची. घरात सगळ्यांचं एकच, नखरे आहेत, उपाशी ठेव, झक मारत खाईल. एक अख्खा दिवस ठेवलं. ते अजून सलतं मला. डॉक्टरांनी तोंड उघडलं तर हिरड्या लालभडक सुजलेल्या, मागच्या दोन दाढा हलत होत्या. भूक होती हो तिला, चावता येत नव्हतं. दाढा काढल्या. मग उकडलेलं चिकन पाटावरवंट्यावर बारीक करून, त्याचंच पाणी घालून, दिवसातून पाच वेळा चमचा चमचा. चार महिन्यांत तीन किलो.

तुमच्याकडं काय झालं ते लिहा.

पूर्वभागवाला
आमचा गुंड्या फ्रीजमधलं तोंडात घेत नाही. कोमट केलं की ताटली लख्ख. मांजर वासावर जेवतं, गरम केलं की वास सुटतो. त्याचं अंगच 38-39 डिग्री, ताजा उंदीर पण तेवढाच गरम असणार की ओ. मेमध्ये मात्र उलटं, अर्ध्या तासात ताटली उचलायची, नाहीतर वास मारतंय सगळं.

भाकरी_थापतेय
एका हाताने लिहितेय. दूध बंद करा आधी!! मोठ्या मांजराला बहुतेकदा पचत नाही, जुलाब होतात, मग वजन कुठून वाढणार. आमच्या सासूबाईंना पटवायला वर्ष गेलं. आता त्याच उकडलेलं अंडं कुस्करून देतात.

हुतात्मा_सकाळी_साडेसहा
@भाकरी_थापतेय ताई कडक की मऊ? 😄

भाकरी_थापतेय
कडक. शेंगाचटणी तयार आहे, या.

काळूचीआई
तिरंगीसोनी ताई, उपाशी ठेवण्याचं वाचलं आणि थांबले. आमच्या काळूने दोन दिवस काही खाल्लं नाही, आम्ही म्हटलं रुसलाय, नवीन घर आहे. चौथ्या दिवशी कान आतून पिवळे. मांजर जेवायचं थांबलं की अंगातली चरबी यकृतात साठते म्हणे, जाड मांजराला तर जास्तच धोका. काळू चांगला गुबगुबीत होता. वाचला नाही. कुणाच्याही मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर वाट बघू नका. एवढंच.

तिरंगीसोनी
ताई 🙏 काय लिहू. फोन करते रात्री.

पूर्वभागवाला
वाईट वाटलं ओ ताई.

कंबरतलाव
आमच्या पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा वर. जंत निघाले. औषध वजनावर ठरतं, माणसांचं अर्धं करून देऊ नका. सर्दी झाली की पण खात नाही, वासच येत नाही ना. आमच्याकडं नळाला रोज पाणी नाही, म्हणून बादलीभर गरम पाणी बाथरूममध्ये ठेवून दार लावायचं, दहा मिनिटं मी पण आत मांडीवर घेऊन. नाक सुटलं की थेट स्वयंपाकघर.

लसूणनको
रश्श्यातलं चिकन धुऊन देणाऱ्यांनो, हात जोडते. कांदा-लसूण शिजवला तरी मांजराला विषच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मांजराचं आधी बिनमिठाचं बाजूला उकडा, मग तुमची फोडणी.

हुतात्मा_सकाळी_साडेसहा
उजनीची चिलापी चालते का? काटे काढून?

पूर्वभागवाला
उकडून, काटे बोटांनी चाचपून. पण रोज नुसता मासा नको, मग दुसरं काही खातच नाही. गुंड्याचं तसंच झालेलं.

हुतात्मा_सकाळी_साडेसहा
ताजी कुठं मिळते पण सकाळी?

कंबरतलाव
दादा इनबॉक्स बघा.

भाकरी_थापतेय
एक राहिलं. दोन मांजरं असतील तर दोन खोल्यांत वाढा. आमची बारकी मोठ्यासमोर जेवायचीच नाही, आम्हाला वाटायचं आवडत नाही. आणि खोल वाटी नको, पसरट ताटली घ्या.

तिरंगीसोनी
आत्ता सातरस्त्याहून आले. चिकन बारीक करून कोमट डब्यात नेलेलं. टपरीवाले काका म्हणाले ती आठ दिवस अशीच करते, उचलते आणि टाकते. आज चाटून चाटून अर्धा डबा संपवला, डावीकडून अजिबात चावत नाही. उद्या पिंजरा कुणाकडं मिळेल का? डॉक्टरांची वेळ घेतली आहे, 11 ची.

काळूचीआई
माझ्याकडं आहे. काळूचाच. सकाळी येते घेऊन.