जळू, गुठळी आणि गर्भातली हाडं

गर्भशाळा:
'खाडीकाठ' यांनी काल लिहिलं की कुरआनच्या तेविसाव्या सूरहमध्ये (अध्यायात), १२ ते १४ या आयतींत (वचनांत), गर्भाच्या वाढीचे टप्पे आजच्या पाठ्यपुस्तकासारखे दिले आहेत, सातव्या शतकात हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं, आणि कॅनडाचे गर्भशास्त्रज्ञ कीथ मूर यांनीही ते मान्य केलंय. तीन ओळींचं लिखाण, पण माझी झोप उडाली. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवते. मूर यांच्याच पुस्तकावर माझं शिक्षण झालं. म्हणून सविस्तर लिहिते.

आयतींतला क्रम असा: नुत्फा म्हणजे थेंब, मग अलका, मग मुदगा म्हणजे चावल्यासारखा गोळा, मग हाडं, मग हाडांवर मांस. अलका म्हणजे रक्ताची गुठळी, असं जुने भाष्यकार सांगत आले. गर्भ कुठल्याच दिवशी रक्ताची गुठळी नसतो. मग त्याच शब्दाचे 'चिकटलेलं' आणि 'जळू' हे अर्थ पुढे आणले गेले. ते अर्थ अरबी कोशात आहेत, नाकारत नाही. पण सूक्ष्मदर्शकातलं चित्र बघून मग त्याला जुळणारा अर्थ निवडायचा, याला भाकीत म्हणत नाहीत.

आता हाडं. मूर यांनी चौथ्या आठवड्यातल्या गर्भाच्या पाठीवरचे सोमाइट्स, म्हणजे ओळीने असलेले छोटे उंचवटे, दातांच्या ठशांसारखे दिसतात म्हणून मुदग्याशी जोडले. त्याच सोमाइटच्या एका भागापासून मणके होतात आणि शेजारच्या भागापासून स्नायू, दोन्ही बरोबरीने. हातापायांत आधी कूर्चा तयार होते, तिच्या भोवती त्याच दिवसांत स्नायू. खरं हाड भरायला सातव्या-आठव्या आठवड्यात सुरुवात होते आणि तेव्हा गर्भ हलायलाही लागलेला असतो. आधी सांगाडा आणि मग त्यावर मांसाचं पांघरूण, असं घडत नाही.

हाडांभोवती मांस वाढतं, हे दुसऱ्या शतकात गालेन या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलंय. त्याने गर्भाचे चार टप्पे सांगितले, त्यातल्या दुसऱ्यात बीज रक्ताने भरतं. त्याची बरीच पुस्तकं सहाव्या शतकात रेशैनाच्या सर्जिअसने सुरियानी भाषेत आणली होती. कोणी कोणाचं वाचलं हे मी सांगू शकत नाही. पण 'कुणालाच कळणं शक्य नव्हतं' हे वाक्य टिकत नाही.

आणि मूर. १९८३ साली त्यांच्या पुस्तकाची एक वेगळी आवृत्ती निघाली, तिच्यात येमेनचे धर्मपंडित अब्दुल मजीद अल-झिंदानी यांची धार्मिक भर आहे. आम्ही वर्गात वापरतो त्या आवृत्तीत कुरआनचा उल्लेख इतिहासाच्या भागात दोन-चार वाक्यांपुरता येतो. 'मान्य केलं' म्हणताना कुठल्या आवृत्तीत, ते सांगायला हवं.

खाडीकाठ:
मॅडम, तुमचा अभ्यास आहे, मान आहे. पण अरबी तुम्हाला येत नाही, मला थोडी येते. मांसाच्या आधी आयतीत 'सुम्म' (मग, काही वेळाने) नाही, 'फ' आहे. 'फ' म्हणजे लगेच, लागून. तुम्हीच म्हणता दोन्ही लागून होतात. दुसरं, गालेनकडून घेतलं असतं तर त्याच्या चुकाही आल्या असत्या. मुलगा उजवीकडे, मुलगी डावीकडे असं तो सांगतो. कुरआनात ते कुठे आहे? नक्कल करणारा चुका गाळून नक्कल करतो का? शहात्तराव्या सूरहमध्ये 'मिश्र थेंब' म्हटलंय, म्हणजे आई-बाप दोघांचं बीज. सस्तन प्राण्याचं बीजांड तर फॉन बेअर या शास्त्रज्ञाला १८२७ साली दिसलं.

आणि मनातलं सांगतो. २०१९ साली जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी शंभर कौरव म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी असं सांगितलं. तेव्हा तुमची झोप उडाली होती का? आमचं काही निघालं की लगेच फळा-खडू बाहेर येतो. लहानपणापासून हेच बघतोय.

गर्भशाळा:
उडाली होती. त्या आठवड्यात वर्गात एक अख्खा तास त्यावर बोलले, पदाधिकाऱ्यांचा फोनही आला. तुम्हाला ते माहीत असण्याचं कारण नाही, पण माझ्यावर तो आरोप करू नका.

'फ' म्हणजे लागून, हे मान्य. पण लागून म्हणजेही नंतरच ना? आयत म्हणते हाडं बनवली आणि मग त्या हाडांना मांस नेसवलं. चुका गाळल्या म्हणता, तर ८६ व्या सूरहमध्ये पाठ आणि फासळ्यांच्या मधून निघणारं पाणी, म्हणजे वीर्य, आहे, त्याचंही बघावं लागेल. आणि दोघांचं बीज मिसळतं, हे गालेनही म्हणतो. त्यासाठी बीजांड दिसायला लागत नाही, आईसारखं नाक बाळाला बघितलं की पुरतं.

देवघर:
दोघांचंही वाचलं. आपल्याकडे तर दिवसांसकट दिलंय, ते कुणी बोलत नाही. भागवत, तिसरा स्कंध, एकतिसावा अध्याय. एका रात्रीत कलल, पाच रात्रींत बुडबुडा, दहा दिवसांत बोराएवढा. हे कुठल्या ग्रीकाकडून आणलं? आणि गर्भसंस्कार हे त्याचंच पुढचं. माझ्या बायकोने पुण्यात पूर्ण कोर्स केला. सातव्या महिन्यापासून रोज रामरक्षा. मुलगी जन्मल्यावर रडायला लागली की रामरक्षा लावायची, दोन मिनिटांत शांत. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पुस्तकातलं सांगत नाही.

गर्भशाळा:
तोच अध्याय पुढे वाचा. सहाव्या महिन्यात गर्भ वेष्टनाने झाकला जातो आणि आईच्या उजव्या कुशीत फिरतो, असं तिथे आहे. ते वेष्टन दुसऱ्याच आठवड्यात तयार होतं. आणि उजवी कूस म्हणजे गालेनचीच उजवी बाजू. एक श्लोक जुळला की टाळी, पुढचा जुळला नाही की पान उलटायचं, हे दोन्हीकडे सारखंच चाललंय.

तुमच्या मुलीचं खरं असणार. साधारण २४ व्या आठवड्यानंतर गर्भाला आवाज ऐकू येतात. १९८० साली नवजात बाळांवर प्रयोग झाला होता. आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून ती चोखण्याची लय बदलत. तुमच्या मुलीला आईचा आवाज आणि ती चाल ओळखीची वाटली. संस्कार, बुद्धी, चारित्र्य हे त्यातून निघत नाही.

विळी:
गर्भसंस्काराचं नाव निघालंय तर मला बोलू द्या. मूळ विषय राहिला तर राहो.

माझा मुलगा दुभंगलेला ओठ घेऊन जन्मला. दवाखान्यातून घरी यायच्या आधीच सगळ्यांचं ठरलं होतं: ग्रहणात हिने विळीवर भाजी चिरली. मी खरंच चिरली होती. सहावा महिना होता, घरात माणसं जेवायची होती, चिरणार कोण? शिवाय 'क्लास लावला असता तर' हेही ऐकवलं गेलं. त्या क्लासची फी आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी होती. त्याची तीन ऑपरेशनं झाली. प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर कुणीतरी ग्रहण काढलंच. तुमची मुलगी दोन मिनिटांत शांत झाली, देवघर, आनंद आहे. पण बाळाचं चांगलं झालं की कोर्समुळे, वाईट झालं की आईमुळे, हा हिशोब मी अकरा वर्षं भरतेय.

देवघर:
ताई, ग्रहणाचं मी काही म्हटलेलं नाही. माझ्या तोंडी घालू नका.

विळी:
तुम्ही म्हटलं नाहीत. तुमच्यासारखेच चांगले लोक म्हणतात.

गर्भशाळा:
विळी, हे आधी वाचा. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही बाजूंनी येऊन जुळून पूर्ण होतो. तुमचं ग्रहण सहाव्या महिन्यात. तोपर्यंत ओठाचं जे व्हायचं ते होऊन तीन-चार महिने उलटले होते. कुणीही, काहीही चिरलं असतं तरी फरक पडला नसता.

देवघर:
बरं. ग्रहणाचं सोडून देतो, ते मलाही पटत नव्हतं. रामरक्षेचं सोडणार नाही.

चिपळूणकरीण:
मी मुसलमान आहे, नमाजी आहे. खाडीकाठ भाऊ, तुमच्याशीच बोलायचंय.

तुम्ही आयत विज्ञानाच्या तराजूत घातलीत. मग हदीसही (पैगंबरांची वचनं) घाला. इब्न मसऊदची हदीस तुम्हाला पाठ असेल: चाळीस दिवस, मग चाळीस दिवस अलका, मग चाळीस दिवस मुदगा, मग फरिश्ता येऊन रूह फुंकतो. माझं बाळ शेवटच्या पाळीपासून मोजून अकराव्या आठवड्यात गेलं, म्हणजे गर्भ राहिल्यापासून ६३ दिवस. त्याच्या चार दिवस आधी सोनोग्राफीत मी त्याचे हात बघितले होते, बोटांसकट. तुमच्या हिशोबाने ते तेव्हा जळू होतं. हे मला तोंडावर सांगाल का?

माझी खाला मात्र उशाशी बसून म्हणाली, अजून एकशेवीस दिवस झाले नव्हते, रूह आली नव्हती, त्याला काही दुखलं नसेल. तेवढ्यावर मी त्या रात्री झोपले. त्या शब्दांना टोरांटोच्या मूर प्रोफेसरची सही लागत नव्हती. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाचे धर्मपंडित शातिबी यांनी लिहून ठेवलंय की सगळी शास्त्रं कुरआनात शोधू नका, ज्या लोकांशी तो बोलला त्यांच्या समजुतीच्या भाषेत तो बोलला. लंडनचे इस्लामी प्रचारक हमझा झॉर्झिस यांनी याच आयतींवर लांबलचक निबंध लिहिला होता, टीका झाल्यावर ही वाट चुकीची असल्याचं स्वतःच सांगितलं. ते काही ईमान सोडून गेले नाहीत.

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती दर काही वर्षांनी येते. उद्या त्यात एक ओळ बदलली तर तुम्ही आयतीचं काय करणार?

खाडीकाठ:
बहन, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. अल्लाह सब्र देवो.

हदीसचे अर्थ वेगळेही लावले जातात. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातल्या हदीसमध्ये ४२ रात्रींनंतर फरिश्ता आकार देतो असं आहे, ते तुमच्या बाळाच्या हातांशी जुळतं. पण आत्ता वाद घालत नाही. हाडांच्या क्रमावर मॅडमना माझ्याकडे आज उत्तर नाही. आयत खरी आहे, हे माझं म्हणणं जसंच्या तसं आहे. मूर यांचं नाव पुन्हा पुढे करणार नाही.

विळी:
गर्भशाळा, तुमचा सातव्या आठवड्याचा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, मग झालं कशामुळे? काय सांगू त्यांना?

गर्भशाळा:
बहुतेक मुलांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. काही अंश घराण्यातून येतो, काही वेळा त्या पहिल्या आठवड्यांतलं एखादं औषध, धूम्रपान किंवा फॉलिक अॅसिडची कमतरता, आणि बरेचदा काहीच हाती लागत नाही. साधारण हजारात एका बाळाला हे होतं, सगळ्या देशांत, ग्रहण पाळणाऱ्यांत आणि न पाळणाऱ्यांतही. सासूबाईंना फोनवर बोलायचं असेल तर मी बोलेन. रविवारी दुपारी मोकळी असते.