चार मिनिटांचा मैल: सिनेमातला 'हौशी' धावपटू खरंच तेवढा हौशी होता का?

झोपेतला_पळपुट्या

काल रात्री रॉजर बॅनिस्टरवरचा सिनेमा पाहिला, तोच तो मेडिकलचा विद्यार्थी ज्याने १९५४ मध्ये पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल मारला. सिनेमा आवडला, शेवटच्या लॅपला तर मी उशी आवळून बसलो होतो, पण नंतर झोपताना डोक्यात किडा वळवळायला लागला. दाखवलंय असं की हा दिवसभर हॉस्पिटलमध्ये, दुपारच्या सुट्टीत जेमतेम अर्धा तास पळणार, ना पगारी कोच ना स्पॉन्सर, आणि असा माणूस येऊन नऊ वर्षं जुना वर्ल्ड रेकॉर्ड मोडतो. हे खरंच असं होतं का सिनेमावाल्यांनी मसाला घातलाय? दुसरं म्हणजे त्याचे दोन मित्र पुढे पळून त्याला खेचतात, मग तो रेकॉर्ड एकट्याचा कसा? कोणी पळणारं असेल तर जरा समजावून सांगा, मी बस पकडायलासुद्धा पळत नाही.

स्टॉपवॉचवाला

मसाला कमी आहे, खरं जास्त आहे. अर्धा तास खरा, पण त्या अर्ध्या तासात काय चालायचं ते बघा. ४४० यार्डांचा एक लॅप, असे दहा लॅप जीव तोडून, मध्ये फक्त दोन-दोन मिनिटं विश्रांती. मैल म्हणजे साधारण १६०९ मीटर, म्हणजे असे चार लॅप, म्हणजे प्रत्येक लॅप ६० सेकंदांच्या आत पडला पाहिजे, सगळं गणित एवढंच. तर हे दहा लॅप सुरुवातीला ६६ सेकंदांना पडायचे, हळूहळू ६१ वर आले आणि तिथेच अडकले, काही केल्या हलेनात. मग पठ्ठ्याने काय करावं? पळणंच बंद केलं, मित्राबरोबर स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला, तीन-चार दिवस कडे चढून परत आला आणि ५९ ला पळाला. हे मला त्या अख्ख्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं. आपण अडकलो की अजून जोर लावतो आणि पाय दुखवून घेतो, मी स्वतः याच मूर्खपणात एक सीझन घालवलाय.

आणि कोच नव्हता हे अर्धंच खरं. आधी बरीच वर्षं तो स्वतःच्या डोक्यानेच पळायचा, पण शेवटच्या हिवाळ्यात फ्रान्झ श्टाम्प्फ्ल नावाच्या ऑस्ट्रियन कोचचा सल्ला घेत होता. रेकॉर्डच्या दिवशी, ६ मे ला, लंडनहून ऑक्सफर्डला जाताना ट्रेनमध्ये हाच भेटला, बाहेर सोसाट्याचा वारा, बॅनिस्टर म्हणतोय आज नको, आणि हा म्हणतोय आजची संधी सोडलीस तर जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीस. सिनेमात असेल तर तो सीन खरा आहे.

कडू_गोळी

मी जरा मिठाचा खडा टाकतो. 'साधा हौशी पोरगा' वगैरे ठीक, पण हा हौशी माणूस ऑक्सफर्डमध्ये व्यायामाच्या शरीरशास्त्रावर संशोधन करून आलेला होता. लोकांना ट्रेडमिलवर पळवायचा, स्वतः पळायचा, जास्त ऑक्सिजनची हवा हुंगून माणूस किती वेळ टिकतो ते मोजायचा. आपलं शरीर कुठे मोडतं हे त्याला त्या वेळच्या बऱ्याच कोचेसपेक्षा जास्त माहीत होतं. त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बसून सहाणेवर शूजचे खिळे घासून बारीक केले आणि वर ग्रॅफाइट चोळलं, का तर तेव्हाचा ट्रॅक म्हणजे कोळशाची जळकी चुरी दाबून केलेला, ती ओली झाली की खिळ्यांना चिकटते आणि बूट जड होतो. याला हौस म्हणायचं तर म्हणा, मला तर हा पक्का हिशोबी माणूस वाटतो.

हौशी म्हणजे तेव्हा फक्त एकच, पळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि गंमत बघा, जो रेकॉर्ड मोडायचा होता, ४:०१.४, तो १९४५ मध्ये स्वीडनच्या गुंडर हेगने केलेला, आणि त्या हेगला पुढच्याच वर्षी पैसे घेतले म्हणून कायमचं बाद केलं. म्हणजे जो पोटापाण्यासाठी पळाला तो चोर, आणि ज्याच्या पाठीशी डॉक्टरकी होती तो सज्जन. सिनेमावाले हे सांगत नाहीत, सांगितलं तर व्हायोलिन कुठे वाजवणार.

स्टॉपवॉचवाला

@कडू_गोळी हेगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण पुढे करिअर होतं म्हणून पाय कमी दुखतात असं नाही राव. हेलसिंकीला १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये आयत्या वेळी सेमीफायनलची एक फेरी वाढवली, कमी सरावावर पळणाऱ्या याचं सगळं गणित कोलमडलं, १५०० मीटरमध्ये चौथा आला आणि पेपरवाल्यांनी धुतला. तेव्हाच सोडणार होता. तिथे मेडल मिळालं असतं तर हा मैल बहुतेक झालाच नसता.

रेघेबाहेर

पेसरच्या, म्हणजे पुढे पळून वेग धरून देणाऱ्याच्या, प्रश्नावर कोणीच आलं नाही म्हणून मी येते. मी आठशे मीटर पळायचे, त्यामुळे हे जवळून माहीत आहे.

पुढच्याच्या मागे पळालं की वारा कमी लागतो हे आहेच, पण खरा फायदा डोक्याला होतो. एकट्याने पळताना दर पन्नास मीटरला मनात प्रश्न, हळू झाले का, फास्ट झाले का, आणि तो प्रश्नच दमवतो. पुढे पाठ दिसत असली की तुम्ही फक्त त्या पाठीवरचा नंबर बघत राहायचं, घड्याळ त्याच्याकडे. त्या दिवशी पहिले दोन लॅप ख्रिस ब्रॅशर पुढे होता, बॅनिस्टरला वाटलं फारच हळू चाललंय, मागून ओरडतोय 'फास्टर', आणि ब्रॅशरने ऐकलं नाही, ठरलेला स्पीड सोडला नाही. पहिला लॅप साडेसत्तावन्न सेकंदांचा होता, तरी याला हळू वाटत होतं! ब्रॅशरने ऐकलं असतं तर तिसऱ्या लॅपलाच बॅनिस्टरचे पाय दगड झाले असते. मग ख्रिस चॅटअवेने तिसरा लॅप आणि पुढचं वळण ओढलं, तीन लॅप तीन मिनिटांच्या किंचित वर, म्हणजे शेवटचा लॅप साधारण ५९ सेकंदांत हवा. दोनशेहून जास्त मीटर शिल्लक असताना हा बाहेरून पुढे गेला. तिथून पुढे कोणीही ओढत नाही.

चीटिंग म्हणावं तर १९५३ च्या जूनमध्ये केलेली गोष्ट जरा तशीच होती. एका खास जुळवलेल्या रेसमध्ये ब्रॅशर मुद्दाम रेंगाळला, आणि शेवटी स्वतः एक अख्खा लॅप मागे असतानाच बॅनिस्टरच्या पुढे ताजातवाना पळून त्याला ओढलं. ४:०२.० लागले, पण अधिकाऱ्यांनी ते मानलं नाही, ही खरी रेस नाही म्हणून. बरोबरच केलं. ऑक्सफर्डची रेस मात्र खरोखरची होती, सहा जण पळाले, चॅटअवे तर दुसरा आला.

आणि पाठ दाखवणाऱ्या त्या दोघांना बिचारे म्हणू नका. ब्रॅशरने १९५६ ला स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायची रेस) ऑलिंपिक गोल्ड घेतलं आणि पुढे लंडन मॅरेथॉन सुरू करणाऱ्यांतला तो एक. चॅटअवेने तर १९५४ मध्येच पाच हजार मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड केला.

उगाच_एक

तो डायलॉग आहे ना, डॉक्टर म्हणायचे माणूस मरेल, आणि याने मोडल्यावर मनाची भिंत पडली आणि वर्षभरात ढीगभर लोकांनी मोडला. ऑफिसच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकलंय.

स्टॉपवॉचवाला

ती ट्रेनिंगवाल्यांची पुडी आहे. ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमध्ये ३:५८ मारले, तोही महिनोन्‌महिने ४:०२ वर डोकं आपटत होता, आणि त्या रेसमध्ये त्याच्या मागे कोण लागलं होतं तर आपला चॅटअवेच. १९५४ संपलं तेव्हा चारच्या आत गेलेले फक्त हे दोघे. तिसरा, चौथा, पाचवा १९५५ च्या मे मध्ये, लंडनला एकाच रेसमध्ये. मनाची भिंत वगैरे असेलही, पण हेग ४:०१.४ वर आला तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि नंतर कित्येक वर्षं लोकांना धड खायला नव्हतं, हे कोणी स्लाइडवर टाकत नाही.

लँडी आणि बॅनिस्टर ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला समोरासमोर आले ती रेस यूट्यूबवर शोधून बघा. लँडी पुढे, शेवटच्या वळणावर डाव्या खांद्यावरून मागे बघतो आणि त्याच क्षणी हा उजवीकडून निघून जातो. दोघेही चारच्या आत. माझ्या मते सिनेमा त्या रेसवर काढायला हवा होता, घड्याळाशी पळणं वेगळं आणि माणसाशी पळणं वेगळं.

रेघेबाहेर

+१. आणि कोणीतरी डायन लेदरवरही काढा. १९५४ च्याच मे महिन्यात, २९ तारखेला, मैल पाच मिनिटांच्या आत पळणारी पहिली बाई, ४:५९.६. तिच्या मैलाला वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून मान्यताच नव्हती, कारण बायकांच्या मैलाचा अधिकृत रेकॉर्ड तेव्हा ठेवतच नव्हते.

झोपेतला_पळपुट्या

सगळ्यांना धन्यवाद, डोक्यातला किडा शांत झाला. व्हँकुव्हरची रेस पाहिली, लँडीने मान वळवली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, घरच्यांनी येऊन विचारलं काय झालं.

एक वेडेपणा केला, तो सांगतो. चार मिनिटांचा मैल म्हणजे ताशी २४ किलोमीटर होतो. आज जिममध्ये गेलो, म्हटलं बघू तरी एक मिनिट कसं वाटतं. बटण दाबत गेलो तर मशीन वीसच्या पुढे जाईचना, आणि मी अठरालाच बाजूच्या दांड्या दोन्ही हातांनी पकडून पाय बाहेर काढले होते. पट्टा रिकामाच फिरत होता.